गाठीची चोळी

अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चोळ्या कागदावाचूनच बेतल्या जात. मापाला वीत आणि बोटे, नमुन्याला जुनी चोळी!

हे साधे कसे? त्याचे मर्म खणात आणि गाठीत आहे. गुळेदगुड्डचा खण अरुंद व काठाचा. घड्या घालून तो बहुधा सरळ रेषांतच कापीत. त्यामुळे कापड वाया जात नसे. काठ बाह्यांवर येई, आणि काखेत लहानसा तुकडा जोडला की हात मोकळा हाले. कापताना बोटभर चूक झाली तरी समोरची गाठ ती पोटात घेई. गरोदरपणी, अंगावर पाजताना तीच चोळी सैल बांधली की झाले.

पुढे हुकांचे पोलके आले. हूक काही चूक पोटात घालीत नाहीत! टेप व कागद आले आणि बेतण्याचे काम पुष्कळ घरांतून शिंप्याकडे गेले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात निघालेल्या सेवासदनाने शिवणकाम शिकवून ते स्त्रियांच्या हाती चरितार्थाचे साधन म्हणून परत दिले.

भगिनींनो, घरात आजीची चोळी असल्यास ती बोहारणीला देऊ नका. कापणारे हात गेले. त्यांचा बेत त्या शिवणीत अजून आहे.