महाडचा ओव्हरकोट

मागल्या अभ्यासवर्गात एकानं चेखवची १८८४ सालची गोष्ट वाचून दाखवली. नाव सरड्याचं. पोरं पोट धरून हसली. मीबी हसलो. घरी येताना वाटेत मात्र महाड आठवलं.

गोष्ट साधी. रशियातल्या छोट्या गावचा बाजार. ख्रूकिन सोनाराच्या बोटाला कुत्रं चावलेलं. फौजदार ओचुमेलोव नवा ओव्हरकोट घालून येतो. आधी म्हणतो, मालकाला दंड करा. गर्दीतून कुणी सांगतं, कुत्रं जनरलसाहेबाचं. झालं! फौजदाराला उकडतं, कोट उतरतो, गुन्हेगार सोनार ठरतो. मग कळतं, जनरलचं नव्हे. परत न्याय फिरतो. मग वाटतं, जनरलचंच असेल. आता थंडी वाजते, कोट चढतो. शेवटी कुत्रं निघतं जनरलच्या भावाचं. फौजदार कुत्र्याचं कौतुक करतो, सोनाराला दम भरतो. आणि गर्दी हसते, सोनाराला. चेखवचा आजा भूदास होता, पैसे मोजून सुटलेला. म्हणून असेल, ही लाचारी त्याला नेमकी दिसली.

आता आपला ओव्हरकोट बघा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथलं ओंजळभर पाणी प्यायले, मागोमाग हजारो. म्हंजे नगरपालिकेचाच ठराव अंमलात आणला! तर देवळात घुसणार अशी आवई उठवून सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली. दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं. ऑगस्टात नगरपालिकेनं तोच ठराव रद्द केला. डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले, तळं म्हणे खाजगी! मनाई हुकूम मिळाला. त्याच महिन्यात, २५ तारखेला, महाडात मनुस्मृती जळली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीला दहा वर्सं.

आणि कुत्र्यांचं काय? ती तळ्यावर खुशाल पाणी पीत. मालक कोण, कुणी पुसत नव्हतं.

सोनारही काही साधा नाही. आता सगळे सारखे, असं कायद्याचं बोलतो आणि लगेच भाऊ पोलिसात असल्याचं सांगतो. पण बाजारात तो एकटा पडला. मला राग फौजदाराचा नाही येत, तो पगारी माणूस. राग गर्दीचा येतो. त्या दिवशी वर्गात मी हसलो तोही सोनारालाच, हे घरी पोचल्यावर ध्यानात आलं.

पुढच्या वर्गाला गोष्ट परत वाचायची ठरलीय. या खेपेला नगरपालिकेचे १९२४ आणि १९२७ चे दोन्ही ठराव शेजारी ठेवून.