हिंजवडीची वाट
पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटीचं श्रेय बहुधा कंपन्यांनाच दिलं जातं. टीसीएस 1968 साली मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस 1981 साली पुण्यात. पण मराठवाड्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या कापूस-मक्याच्या गावासाठी आयटीतल्या नोकरीची वाट उघडली ती 1983 साली, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर. तोवर मराठवाड्यात अभियांत्रिकीच्या सरकारी जागा मोजक्याच. या परवानगीतून शिक्षणसम्राट गब्बर झाले, फीपायी घरं कर्जात बुडाली, हा आक्षेप खराच. तरीही वाट उघडली, कारण मोठ्या कंपन्या भरतीत शाखेचा फारसा आग्रह धरत नसत. मेकॅनिकलवाल्यालाही पगारी प्रशिक्षण देऊन कोड लिहायला बसवत. त्यामुळे आडवळणाच्या कॉलेजची पदवीही चालून गेली. इंग्रजीतली मुलाखत मात्र आडवी यायची. तिथे गावाकडची पोरं गळायची, ती काही गणितात कच्ची म्हणून नव्हे.