पोटखराब : सिंधुदुर्गनगरीचे पाणी आणि सातबाऱ्यातील एक शब्द

१/ सातबारा उतारा पाहिलेल्या प्रत्येकाला 'पोटखराब' हा शब्द परिचित असेल. नव्या वसाहती उभारताना हिरवी जागा किती राखावी आणि पाणलोट कसा सांभाळावा, हा प्रश्न आजचा वाटतो. सिंधुदुर्गनगरीपुरते बोलायचे तर त्याचे एक मूळ या जुन्या महसुली शब्दात आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मालवण, सावंतवाडी ही जुनी नांदती शहरे असतानाही मुख्यालयासाठी कुडाळ तालुक्यातील ओरोस निवडले गेले आणि तेथे नवनगर आखले गेले. जुने शहर पाणवठ्याच्या आधाराने हळूहळू वाढते. नवनगर आधी कागदावर उमटते. म्हणून कागदाला जमीन कशी दिसते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

३/ मुंबई इलाख्याच्या भूमापन पद्धतीचा पाया १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घातला. सारा ठरवायचा असल्याने जमिनीची प्रतवारी पिकाच्या कसावरून होई. पीक न देणारा तुकडा तो पोटखराब. त्याचे पुढे दोन वर्ग झाले. 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीस अयोग्य जमीन. 'ब' म्हणजे रस्ता, स्मशानभूमी, इतरांच्याही वापरातील तळे किंवा ओढा.

४/ या विभागणीतील विसंगती कोकणात ठळकपणे दिसते. गावाचा व्हाळ सार्वजनिक हिताचा म्हणून 'ब' वर्गात बसतो. पण त्या व्हाळाला पाणी पुरवणारा जांभ्याचा सडा केवळ खडक म्हणून 'अ' वर्गात जातो. वाहत्या पाण्याची नोंद झाली. ते जिथे मुरते त्या जागेची झाली नाही.

५/ जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो. त्याच्या खाली बहुधा चिकणमातीचा थर असतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडणारा पाऊस वरून मुरतो, त्या थराशी अडतो आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. याच पाण्यावर विहिरी, माड-पोफळीच्या बागा आणि हिवाळ्यातील वायंगणी भातशेती पोसली गेली. सड्यावर काँक्रीट अंथरले की पाऊस तेवढाच पडतो. मात्र तो मुरण्याऐवजी वाहून जातो आणि पायथ्याची विहीर लवकर आटते.

६/ याचे भान येथे पूर्वी होते. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधल्याचे सांगितले जाते. दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध, काठावर भगवतीचे मंदिर आणि भोवती दाट झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला वारसा सिंचन रचनांच्या यादीत स्थान दिले. असा तलाव शतकानुशतके टिकतो, त्यात बांधाइतकाच वाटा भोवतालच्या झाडीचा असतो. उघड्या उतारावरची माती दर पावसाळ्यात तळात साचते.

७/ महानगराचेही उदाहरण पाहू. मुंबईसाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाले. पाणी शुद्ध राहावे म्हणून त्यांचे पाणलोट वस्तीपासून मोकळे ठेवले गेले. आज त्याच परिसरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईच्या मध्यावर जंगल उरले, त्याचे एक मोठे कारण पिण्याचे पाणी हे आहे.

८/ २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने अहवाल दिला. पाण्याचे नियोजन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर विकेंद्रित व्हावे आणि सार्वजनिक जमिनी खासगी होऊ नयेत, अशा शिफारशी त्यात होत्या. पुढे वाद मुख्यतः खाणी आणि निर्बंधांभोवती फिरला; पाण्याचा हा धडा मागे पडला.

९/ घरे नकोतच, ही भूमिका न्याय्य नाही. पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरणाऱ्या या जिल्ह्याला स्वतःचे शहर हवे आहे. प्रश्न क्रमाचा आहे. भूखंड आखण्यापूर्वी झरे, व्हाळ आणि त्यांना पाणी देणारा सडा नकाशावर आले, तर रस्ते आणि इमारती त्यांना वळसा घालू शकतात. भूखंड आधी आखले, तर उद्यानासाठी उरतो तो कोपरा. पाणी मुरण्याची जागा तीच असेल असे नाही.

१०/ मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर प्रागैतिहासिक कातळशिल्पे आहेत. २०२२ पासून कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. ज्या खडकाला दप्तराने 'खराब' म्हटले, तशाच खडकावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी आपली खूण ठेवली.

११/ आपल्या गावचा सातबारा काढून पोटखराबाचा रकाना पाहा. मग घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : गावचा व्हाळ पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे? उत्तर येथे जरूर लिहा. पाण्याचा हा इतिहास दप्तरात फारसा नाही. तो त्यांच्या आठवणीत आहे.