गाडगीळ, धनंजय रामचंद्र

(१० एप्रिल १९०१–३ मे १९७१). भारतीय अर्थशास्त्रज्ञ व सहकारी चळवळीचे नेते. जन्म नाशिक येथे. उच्च शिक्षण केंब्रिजला. तेथील प्रबंध १९२४ मध्ये ‘इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. सुरतच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य (१९२५–३०). सासरे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. १९६६ पर्यंत या पदावर.

पाहण्या : पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय, पुणे व सोलापूर ही शहरे.

शेती पतपुरवठा : त्यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९४५ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जाची सक्तीने तडजोड करावी आणि प्रांतोप्रांती शेती पतमहामंडळे काढावीत, अशा शिफारशी केल्या. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीचे (अहवाल १९५४) ते सदस्य होते.

प्रवरानगर : १९४५ मध्ये बेलापूर येथे भरलेल्या कालवा बागाईतदारांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ऊस खासगी कारखान्याला घालण्यापेक्षा बागाईतदारांनी स्वतःचाच कारखाना काढावा, हा विचार तेथून पुढे आला. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी परिसरात गावोगाव फिरून भागभांडवल जमवले; तत्कालीन मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे शासकीय पाठबळ लाभले. १९५०–५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या या सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू झाले. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष होते. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. उसाच्या बिलातून टनामागे ठेवीची कपात होई. भांडवल वाढवण्याची ही रीत पुढे राज्यभर रुळली.

मर्यादा : सहकारी साखर कारखानदारीचा लाभ प्रामुख्याने पाणी व जमीन असलेल्यांना झाला, अशी टीका होते; मात्र याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. ऊस नसलेल्या भागांचा प्रश्न वेगळा होता. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील कर्जत, खालापूर हे भातशेतीचे तालुके. उसाअभावी तेथे हा मार्ग उपलब्ध नव्हता. पावसाळ्यात घरातले भात संपले की ठाकूर-कातकरी कुटुंबे सावकाराकडून दिढीने (दीडपट परतफेडीच्या बोलीने) धान्य उचलत. कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने पुढे आदिवासी वाड्यांवर धान्य बँका चालवल्या : आषाढात भात उचलायचे, सुगीनंतर थोडी वाढ घालून भातच परत करायचे. या प्रयोगाशी गाडगिळांचा संबंध नाही. मात्र तारण नसलेल्यांना पत कशी मिळावी, हा प्रश्न तोच.

नियोजन : पुणे विद्यापीठाचे कुलगुरू (१९६६–६७), नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष (१९६७–७१). राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याच्या ‘गाडगीळ सूत्रा’त लोकसंख्येला ६० टक्के भार होता. त्यांच्या अभ्यासगटाच्या क्षेत्रवार पतपुरवठ्याच्या शिफारशीतून १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली.

दिल्लीहून पुण्यास येताना रेल्वेप्रवासात निधन.