बैलाची भूक

पंगतीत कुणी सहावी पुरणपोळी मागून घेतली की कोपऱ्यातून आवाज येतोच, "याला भस्म्या रोग झालाय वाटतं!" कितीही खाल्लं तरी सगळं भस्म होऊन जातं अशी भूक, ती 'भस्मक'. हा शब्द आयुर्वेदातून आपल्या बोलण्यात आला. ग्रीकांकडेही अशा भुकेसाठी एक शब्द होता. 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमोस' म्हणजे भूक. दोन्ही मिळून बुलिमिया, म्हणजे बैलाची भूक.

नाव जुनं असलं तरी आज आम्ही डॉक्टर ज्याला बुलिमिया नर्व्होसा म्हणतो तो आजार वैद्यकाच्या पुस्तकात येऊन पन्नास वर्षंही झालेली नाहीत, आणि तो नुसत्या भुकेचा आजार नाही. थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं आणि खाताना थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. मग अपराधी वाटतं, वजन वाढण्याची प्रचंड भीती वाटते आणि खाल्लेलं 'भरून काढण्यासाठी' उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास किंवा बेसुमार व्यायाम केला जातो. हे सगळं बहुतेक वेळा लपूनछपून चालतं. आठवड्यातून सरासरी एकदा तरी, असं तीन महिने चाललं आणि स्वतःची किंमत वजनावरच ठरू लागली, की निदान पक्कं होतं.

"रोमन लोक तर जेवून उलटी करायला खास खोलीत जायचे ना? तिला व्हॉमिटोरियम म्हणायचे," असं तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. ही निव्वळ दंतकथा आहे. व्हॉमिटोरियम म्हणजे प्रेक्षागृहातून गर्दी भराभर बाहेर पडावी म्हणून ठेवलेला रस्ता. काही श्रीमंत रोमन मेजवानीत उलट्या करत, पण पुन्हा खाता यावं म्हणून. वजनाची भीती त्यात नव्हती.

जुन्या काळातली एक हकिगत मात्र खरी आहे आणि प्रत्येक सर्जनला ती पाठ असते. बॅरन व्हॅन वासेनार हा डच आरमाराचा मोठा अधिकारी. खाण्याचा शौकीन आणि जड जेवणानंतर ओकारीचं औषध घेऊन पोट हलकं करण्याची सवय असलेला. १७२३ मध्ये असंच औषध घेऊन ओकताना त्याच्या छातीत एकाएकी भयंकर कळ आली. आत काहीतरी फाटल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. लायडनचे प्रख्यात डॉक्टर हर्मन बोअरहावे धावून आले, पण त्यांच्या हाती करण्यासारखं काही नव्हतं. मृत्यूनंतर त्यांनी छाती उघडली तेव्हा आत बॅरनने खाल्लेल्या बदकाचा वास आला. अन्ननलिका फाटून अन्न छातीत पसरलं होतं. पुढच्या वर्षी बोअरहावेंनी हे सविस्तर छापलं आणि त्या फाटण्याला आजही त्यांचंच नाव आहे. बॅरनला बुलिमिया होता असं मी म्हणणार नाही, बारीक होण्याचा त्याला काही ध्यास नव्हता. पण जोर लावून केलेली उलटी शरीराचं काय करू शकते, हे ३०० वर्षांपूर्वीच दिसलं होतं. इतकी मोठी फाट सुदैवाने क्वचितच होते. आतल्या अस्तराला चीर पडून उलटीत रक्त येणं मात्र तितकं दुर्मिळ नाही.

१८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अन्न टाकून हाडांचा सापळा होणाऱ्या मुलींचं वर्णन केलं. तो ॲनोरेक्सिया. तो ओळखायला सोपा, कारण आजार डोळ्यांना दिसतो. बुलिमिया दिसत नाही, म्हणून त्याला आणखी शंभर वर्षं लागली.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जेरल्ड रसेल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९७२ पासून त्यांच्याकडे काही वेगळे रुग्ण येऊ लागले. यातल्या कित्येकजणी आधी ॲनोरेक्सियातून गेलेल्या होत्या, पण आता वजन बऱ्यापैकी आणि तरी आतून पार खचलेल्या. सहा-सात वर्षांत त्यांनी अशा ३० जणांची नोंद केली, २८ स्त्रिया आणि २ पुरुष. १९७९ मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि या आजाराला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं. काही रुग्णांच्या बोटांच्या सांध्यांवर दात घासून पडलेले घट्टे असतात, ही बारीक नोंद त्यांचीच. आजही आम्ही तिला 'रसेल्स साइन' म्हणतो. नुसता हात पाहून आजाराची शंका येणं, अशी निरीक्षणं मला एमआरआयच्या काळातही मोलाची वाटतात.

शीर्षकातच रसेलनी या आजाराला ॲनोरेक्सियाचा 'अशुभसूचक' प्रकार म्हटलं होतं. उपचारांबाबत ते तेव्हा फार आशावादी नव्हते. पुढे ते चित्र बदललं, त्याकडे येतोच. पण धोक्याबद्दल त्यांचा शब्द अजूनही खरा आहे, आणि तो नीट समजून घ्या.

उलटीतून पोटातलं आम्ल बाहेर जातं. रक्तातला तोल बिघडतो, तो सावरताना मूत्रपिंडं लघवीवाटे पोटॅशियम टाकून देतात. हृदयाचे ठोके नियमित पडायला पोटॅशियम लागतंच. ते फार उतरलं की ठोक्यांची लय चुकते आणि हृदय अचानक थांबूही शकतं. यात सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की पोटॅशियम हळूहळू उतरलं तर माणूस चालता-बोलता असतो, कॉलेजला जातो, ऑफिसला जातो. "थोडा अशक्तपणा आहे, पायात गोळे येतात," एवढीच काय ती तक्रार.

जुलाबाच्या गोळ्यांचा तर हेतूही साधत नाही. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात आधीच शोषलेली असते, या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात. वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी. गोळ्या बंद केल्या की शरीर काही दिवस पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात, काटा वर जातो आणि घाबरून पुन्हा गोळ्या सुरू होतात. ही सूज आपोआप उतरते, हे आधीच सांगून ठेवलं तर खूप फरक पडतो. तसंच चेहऱ्याचं. वारंवार उलट्यांमुळे लाळग्रंथी फुगतात, गालगुंड झाल्यासारखे गाल दिसतात आणि आरशात पाहून ती मुलगी म्हणते, "बघा, मी जाडच आहे." दातांचं आवरण आतल्या बाजूने झिजतं. त्यामुळे हा आजार पहिल्यांदा पकडणारा डॉक्टर कित्येकदा दातांचा असतो.

आता इतिहासाकडे परत. १९८० मध्ये ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि पीटर कूपर यांनी एक युक्ती केली. दवाखान्यात न येणाऱ्यांना शोधायचं कसं? त्यांनी 'कॉस्मोपॉलिटन' या महिलांच्या मासिकात छोटी सूचना छापली. पत्रांचा पाऊस पडला आणि त्यातल्या ४९९ स्त्रियांना बुलिमियाची लक्षणं तंतोतंत लागू पडली. बहुतेकींचं वजन सर्वसाधारण होतं. उपचार घेणाऱ्या मात्र अगदी बोटावर मोजण्याइतक्या. "मी एकटीच अशी आहे," असंच त्यातल्या कितीतरी जणींना वाटत आलं होतं. त्याच सुमारास फेअरबर्ननी सीबीटी या बोलण्यावर आधारलेल्या उपचारपद्धतीचं बुलिमियासाठीचं रूप मांडलं. साधारण वीस बैठकांत खाण्याच्या वेळा नियमित करायच्या, उपाशी राहणं थांबवायचं आणि वजनाभोवती फिरणारे विचार तपासायचे. उपाशी राहिलं की पुढचा खादाडीचा झटका जवळ येतो, हे रुग्णाला स्वतःच्या नोंदवहीतच दिसतं. १९९२ मध्ये मोठ्या चाचणीत फ्लूओक्सेटिन या औषधाचाही उपयोग सिद्ध झाला, तो मात्र नैराश्यासाठी नेहमी देतात त्याहून जास्त डोसमध्ये. म्हणून कुणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊन प्रयोग करू नका. रसेलना वाटलं होतं त्यापेक्षा हा आजार खूपच जास्त बरा होतो.

मग आली डायना. १९९२ च्या चरित्रातून तिच्या बुलिमियाची वाच्यता झाली आणि १९९५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत ती स्वतःच त्याविषयी बोलली. (ती मुलाखत फसवून मिळवली होती हे पुढे चौकशीत सिद्ध झालं, तो वेगळा विषय.) ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या तेव्हा बुलिमियाच्या नव्या निदानांचा आकडा १९९६ पर्यंत चढत जाऊन मग उतरलेला दिसला. एका राजकन्येने बोलून दाखवल्यामुळे घरोघरच्या मुली डॉक्टरांकडे गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २००८ मध्ये जॉन प्रेस्कॉट या माजी उपपंतप्रधानांनी आपल्यालाही हा आजार होता असं सांगितलं, तेव्हा मात्र बरेच लोक हसले. वयस्क, अंगाने भरलेला पुरुष आणि बुलिमिया? का नाही? रसेलच्या पहिल्या तिसांतही दोन पुरुष होतेच.

"हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे, आपल्याकडे नाही," असं म्हणणाऱ्यांना मी फिजीचं उदाहरण देतो. तिथे भरलेलं अंग हे चांगल्या घरचं लक्षण मानत. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेने तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजनासाठी उलटी करणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झालं. तीन वर्षांत! आपल्या मुलींच्या हातात टीव्ही नाही, मोबाइल आहे. शिवाय आपल्याकडे "आज माझा उपास आहे" म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आजाराला लपायला ही चांगली जागा आहे.

तुमच्या मैत्रिणीबद्दल शंका येत असेल, जेवून उठली की ती लगेच बाथरूममध्ये जाते, डबे रिकामे होतात, तर जेवणाच्या ताटावर विषय काढू नका. एकांतात, जे दिसलं तेवढंच सांगा. "तू उलट्या करतेस ना?" अशी उलटतपासणी नको. "गेले काही दिवस तू बरी दिसत नाहीस, मला काळजी वाटते," एवढं पुरे. पहिल्यांदा ती नाही म्हणेल, चिडेलही. चिडू द्या, आठवड्याने पुन्हा विचारा. दारावर पहारा ठेवू नका. "वा, बारीक झालीस!" हे कौतुकही करू नका. आणि "कुणालाही सांगणार नाही" अशी शपथ घेऊ नका, ती मोडावी लागेल. डॉक्टरकडे सोबत जा, लाज वाटत असेल तर विषय तुम्ही काढा. पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं नसतं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांची भेट टाळू नका. तिला मधुमेह असेल आणि ती मुद्दाम इन्शुलिन टाळत असेल तर थांबायला वेळच नाही.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, उलटीनंतर छातीत जोराची कळ किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन तिनेच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.