मानापमानाचा पेच : आग्र्यापूर्वीचे औरंगाबाद

मार्च १६६६ मध्ये आग्र्याच्या वाटेवर असताना शिवाजी महाराजांचा मुक्काम औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पडला. तेथे मोगल अधिकारी सफशिकनखान याच्याशी त्यांचा मानापमानाचा प्रसंग उद्भवला. आग्र्याच्या दरबारातील घटनेमुळे तो काहीसा झाकोळला गेला. तथापि योद्ध्यांच्या स्वाभिमानाचे शास्त्र समजून घेण्यास तो अधिक उद्बोधक आहे.

जून १६६५ च्या पुरंदर तहानुसार महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले होते. मिर्झाराजे जयसिंग यांच्या आग्रहावरून ते आठ वर्षांच्या संभाजीराजांसह बादशहाच्या भेटीस निघाले. औरंगाबाद हे त्या वेळी मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे केंद्र होते. महाराजांचा पाचशे लोकांचा सुसज्ज लवाजमा पाहण्यासाठी नगरवासी लोटले. सफशिकनखान मात्र सामोरा आला नाही. एका मराठा जमीनदारासाठी आपण का उठावे, या भावनेने तो कचेरीतच बसून राहिला आणि पुतण्याला पाठवून महाराजांना भेटीस बोलावले. महाराजांनी त्या निरोपाची दखलच घेतली नाही. ते थेट शहरातील जयसिंगांच्या वाड्यात उतरले. अखेर खानालाच अधिकाऱ्यांसह वाड्यावर यावे लागले. दुसऱ्या दिवशी महाराजांनी परतभेट देऊन सौजन्य राखले. तारुण्याचा काळ याच शहरात घालविलेल्या भीमसेन सक्सेना याने ‘तारीख-इ-दिल्कुशा’ या फारसी ग्रंथात ही हकिकत नोंदविली आहे.

येथे प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता. कोण कोणाला सामोरे जातो, कोण कोठे उभा राहतो, यावरून त्या काळी माणसाचा दर्जा चारचौघांत ठरत असे. बोलावल्याबरोबर कचेरीत जाणे म्हणजे आपण खानाचे ताबेदार आहोत, असे मान्य करणे होते.

होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा आरंभही अशाच कलहाने होतो. सेनापती अ‍ॅगमेम्नॉन हा अकिलिसला मिळालेली बंदिवान ब्रिसेइस हिरावून घेतो. लुटीतील हा वाटा म्हणजे सैन्याने दिलेला मान होता. त्यामुळे अपमानित अकिलिस युद्धातूनच अंग काढून घेतो. नवव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन अमाप नजराणे देऊ करतो. परंतु ओडिसियस, अजॅक्स आणि फिनिक्स यांना पाठवितो, स्वतः जात नाही. अकिलिस नकार देतो. पुढे जिवलग मित्र पॅट्रोक्लस मारला गेल्यानंतरच दोघांचा समेट होतो.

सफशिकनखानाने स्वतः जाऊन जे साधले, ते अ‍ॅगमेम्नॉनला नजराण्यांनी साधले नाही. आग्र्यातही तेच घडले. १२ मे १६६६ रोजी दरबारात महाराजांना मागील रांगेत उभे करण्यात आले व मानाची खिलतही मिळाली नाही. त्यांनी तेथेच संताप व्यक्त केला आणि पुन्हा दरबारात येण्यास नकार दिला. औरंगजेबाने अपमानाचे परिमार्जन करण्याऐवजी पहारे बसविले. ऑगस्टमध्ये महाराज निसटले आणि १६७० पासून तहात दिलेले किल्ले एकामागून एक परत घेऊ लागले. औरंगाबादेत एका अधिकाऱ्याने वाड्यापर्यंत चालत जाऊन मिटविलेला पेच आग्र्यात बादशहाला सोडविता आला नाही. त्याची किंमत मोगल सत्तेला दख्खनेत पुढे दीर्घकाळ मोजावी लागली.