वसईकराबरोबर नागासाकीला

स्वेटर घातलाय ना? आणखी एक घाला. १५९७ सालचा जानेवारी आहे आणि तुम्ही जपानात, क्योतोच्या रस्त्यावर उभे आहात. थंडी कानांत शिरतेय, मागचा माणूस ढकलतोय, शेणाचा वास येतोय. तेवढ्यात कुरकुरत बैलगाड्या येतात. गाड्यांत चोवीस कैदी, ख्रिस्ती धर्मापायी धरलेले. प्रत्येकाचा डावा कान कापलेला, रक्त मानेवर सुकलेलं.

तो चाळिशीचा, जाडाभरडा झगा घातलेला, नीट बघून घ्या. गोन्सालो गार्सिया. आपल्या वसईचा! पोरवयात जहाजावर चढला, जपानी शिकला, व्यापारात जम बसवला आणि सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. इथे तो फादरांचा दुभाषा. गाववाला म्हणून हाक मारावीशी वाटेल, पण मारू नका. शिपायाची काठी गावबिव विचारत नाही.

पुढे नागासाकीपर्यंत, जिथे त्यांना क्रुसावर मारायचंय, बहुतेक वाट पायीच. जवळजवळ महिनाभर. चिखल, बर्फ, सुजलेली पावलं, दर गावात तोंडं बघायला जमलेली माणसं. वाटेत दोघे जण या कैद्यांची सेवा करत होते, शिपायांनी त्यांनाही धरलं. झाले सव्वीस. मला विचाराल तर क्रुसापेक्षा ही वाटच कठीण. रोज सकाळी पायांत पेंढ्याच्या चपला अडकवताना मन म्हणत असणार, अजूनही सांगून टाक की चुकलं माझं.

त्यांच्यात लुईस आहे, बारा वर्षांचा. अधिकारी त्याला म्हणतो, हा धर्म सोड, तुला वाचवतो. माणूस दुष्ट नाही हो, त्याला पोराची खरंच दया आलीय. तीच तर पंचाईत. अंगावर ओरडणाऱ्याला नाही म्हणता येतं. असं मायेनं विचारणाऱ्याला काय म्हणायचं? लुईस नाहीच म्हणतो.

शेवटची रात्र ओमुराच्या खाडीत, होडीत. हात बांधलेले, दोर ओले, खारा वारा हाडांत शिरणारा. समुद्राचा हा वास तरी वसईच्या माणसाला ओळखीचा असेल.

सकाळी नागासाकीतली निशिझाकाची टेकडी. खाली बंदर, वर गव्हाची हिरवी रोपं आणि हजारोंची गर्दी. जमिनीवर क्रूस मांडून ठेवलेत. हातापायांना, गळ्याला लोखंडी कड्या ठोकल्याचा खणखणाट होतो, मग क्रूस उभे राहतात. सव्वीसांतलाच एक, पॉल मिकी, क्रुसावरूनच प्रवचन देतो, मारणाऱ्यांना क्षमा करतो. मग भाले.

आणि गर्दी फुटते. काठ्या बसतायत तरी लोक घुसतायत, कापडाचे तुकडे रक्तात भिजवून छातीशी धरतायत. रोम या सव्वीस जणांना संत म्हणेल १८६२ साली, वसईत गोन्सालोच्या नावाचं कॉलेज निघेल त्याच्याही कितीतरी नंतर. तुमच्या बरगडीत कोपर मारून पुढे निघालेल्या या बाईला एवढं थांबायला सवड नाही. सरका बाजूला, जाऊ द्या तिला.